बंदूकवाल्या पोराच्या मनात काय असेल?

दोस्तहो, आज सुट्टी होती. इकडे पुण्यात खोलीवर मोबाईलवर लढाईचा एक सिनेमा पाहिला. त्यात दहा-अकरा वर्षांचा पोरगा एका सरदाराच्या टोळीत बंदूक घेऊन फिरते. कधी रडते, कधी गोळी चालवते. पण त्याच्या मनात काय चालू आहे, ते काही समजत नाही. नुसते डोळे दाखवतात.

आपल्या गावाकडं दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकात असं नसते. पात्र पुढं येते अन् मनातलं सारं लोकांले सांगून टाकते.

म्हणून आमच्या गावी, करडीले, लहान भावाले, गोलूले, फोन लावला. तो मंडईच्या नाटकात काम करते. सध्या शाळा सोडून माझ्याकडं पुण्याले ठेकेदाराच्या कामावर यायचं म्हणून मागं लागला आहे. सिनेमा त्यानंही पाहिला होता.

म्हटलं, "गोलू, त्या पोराच्या मनातलं बोलून दाखव."

गोलू हसला. मग आवाज बदलून म्हणाला, "सरदार मले वाघ म्हणते. घरी सारे गाढव म्हणत होते. आता वापस कायले जाऊ?"

मी विचारलं, "तुले कोण गाढव म्हणते रे?"

"बाबा म्हणते, गुरुजी म्हणते. तुझा ठेकेदार तुले काय म्हणते, दादा?"

खरं सांगून टाकलं, "नावानंही नाही बोलवत. 'ए' म्हणते."

 मग गोलू म्हणाला, "पुण्याले यायचं परीक्षा झाल्यावर पाहू."

सिनेमावाले त्या पोराची भीती दाखवतात, राग दाखवतात. पण त्याले शाबासकी किती गोड लागत असेल, हे कोणत्या सिनेमात पाहिलं का तुम्ही? नाव सांगा. गोलूसोबत पाहायचा आहे.