ठणका आणि चटका

माझ्या नणंदेला मी पंचावन्न वर्षं ओळखते. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी. त्यामुळे ती मला 'अगं वहिनी' म्हणते आणि मी तिला 'अहो वन्सं' म्हणते. लिहितानाही मला 'त्या' म्हणायचीच सवय आहे, तेव्हा तसंच लिहिते.

वन्संनी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "मापाचा मिळाला नाही." रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं पायमशीन, कापायचं लांब टेबल, इस्त्री आणि भिंतीला एक पुरुषभर उंचीचा आरसा. कोट, सदरे, झगे, गणवेश, सगळं त्या शिवत. गिऱ्हाईक जाड झालं असेल तर तोंडावर सांगत. "बाई, कापडाची चूक नाही, तुम्ही वाढलात." तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण त्यांनी लावलेली बाही कधी ओढत नसे. बाही जिथे खांद्याला जोडतात त्या गोलाईला मुंढा म्हणतात. वन्संचं म्हणणं असं की शिंप्याची अक्कल मुंढ्यात कळते. बाकीची शिवण कुणीही घालतं.

माझे यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्या शिवतात, मी वाचते आणि रोज संध्याकाळी डायरी लिहिते. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या की 'बरं नाही' असं लिहू नका, काय बरं नाही ते लिहा. ती सवय अजून आहे. वन्संना हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे. "दूध उतू गेलं हेही लिहितेस?" "लिहिते. कुणामुळे गेलं तेही लिहिते."

गेल्या वर्षी वन्संच्या उजव्या स्तनात गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, त्यात काखेतल्या गाठीही काढल्या. औषधांचे फेरे झाले. वन्संनी सगळं एखाद्या किचकट कोटासारखं निपटलं, कुरकुर करत पण वेळेवर. मग या वर्षी उजवी मांडी दुखायला लागली. त्यांना वाटलं मशीन मारून मारून दुखत असेल. तपासणीत मांडीच्या हाडात रोगाचा डाग दिसला. डॉक्टरांनी हाडासाठी शिरेतून द्यायचं औषध सांगितलं आणि दुखण्यावर गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मांडी बरीच शांत झाली.

पण त्याच सुमाराला दुसरंच काहीतरी सुरू झालं. उजव्या काखेपासून दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वर, वन्संना घरी घालायच्या, स्वतःच शिवलेल्या सदऱ्याची बाही सहन होईना.

आता शिंपिणीला बाही टोचली तर ती काय करणार? ती कापडाला दोष देणार.

"या ताग्यात खोट आहे," त्या म्हणाल्या.

"वन्सं, ह्याच ताग्याचे सदरे चार वर्षं घालताय."

"मग गिरणीवाले चोर झाले असतील. तुला काय कळतंय त्यातलं."

पहिला सदरा त्यांनी उसवला आणि मुंढा अर्धा बोट सैल केला. दुसऱ्याच्या शिवणी उलट्या करून बाहेरच्या अंगाला घेतल्या. तिसऱ्याला मलमलीचं अस्तर लावलं. चौथा अख्खाच मलमलीचा शिवला, आणि तो अंगात घातल्याबरोबर ओरडून काढून टाकला. पाचव्याची उजवी बाही त्यांनी सरळ कापून टाकली. एक बाही असलेला सदरा घालून त्या खोलीत बसल्या तेव्हा मला हसूही येईना आणि रडूही येईना. वारा आला तरी दंड अंगाशी धरत. मी चुकून तिथे हात लावला तर म्हणत, "वहिनी, निखारा ठेवलास का गं?"

दर भेटीत दवाखान्यातले डॉक्टर विचारत, "दुखतंय का?" वन्संचं उत्तर ठरलेलं. "दुखतं." कुठे? तर अख्ख्या उजव्या अंगावरून हात फिरवून, "ही बाजू." वाढलंय? "वाढलंय." डॉक्टरांसमोर त्या अशा गरीब गाय होत. घरी ज्या बाईची जीभ कात्रीसारखी चाले, ती तिथे एका शब्दापलीकडे बोलत नसे. डॉक्टरांपुढे आपलं घरगुती बोलणं शोभत नाही, अशी त्यांची समजूत. मग डॉक्टर गोळी वाढवत. दोनदा वाढवली. मांडी अजून थोडी निवली, दंड मात्र होता तसाच. वन्संना झोप मात्र येऊ लागली, भर दुपारी, मशीनवर, सुईखाली कापड तसंच ठेवून.

एकोणीस तारखेला बँकेतल्या एका बाईंचा कोट तयार झाला. बाईंनी तो घातला आणि आरशासमोर हात वर केला, तर कोटाने मान वळवली. वन्संनी उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली होती. पन्नास वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "राहू दे हो, परत येते." त्या गेल्यावर वन्संनी मशीनवर झाकण घातलं.

"वहिनी, गोळ्या लागू पडत नाहीत आता. मांडीत होतं ते दंडात आलं. सगळी उजवी बाजू गेली. बावीस तारखेला जायचंय ना, तेव्हा सांगून टाकणार. ते शिरेतलं औषध नको, काही नको. बस झालं."

"असं कसं बस झालं?"

"जीर्ण कापडाला किती रफू करायचं? सुई घातली की शेजारी फाटतं."

मी वाद घातला नाही. डायरीत लिहिलं, 'वन्सं उपचार थांबवणार म्हणतात.' लिहिताना माझं अक्षर बिघडलं, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

बावीसला डॉक्टरांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थांबवायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी तळमजल्यावर वेदनेच्या डॉक्टरांना भेटा." तिथे एक चाळिशीच्या बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात. टेबलावर कागद नव्हते, एक कापसाचा डबा होता.

"काय होतंय, आजी?"

"दुखतं."

"कसं दुखतं?"

"कसं म्हणजे? दुखतं तसं दुखतं."

माझा संयम सुटला. "डॉक्टर, या घरी असं बोलत नाहीत." मी पिशवीतून डायरी काढली.

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "माझ्या शिव्या लिहून ठेवल्यास?"

"तारखेसकट."

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या. "'सोळा तारीख, सकाळी साडेदहा. इस्त्रीला वीस मिनिटं उभ्या. मांडीत ठणका, खोल, दाढ दुखते तसा. बसल्यावर कमी. गोळीनंतर तासाभराने उतरला. सोळा, संध्याकाळी. सदरा घालताना दंडाला चटका, उकळतं पाणी सांडल्यासारखा. गोळी घेऊन दोन तास झाले होते, तरी उपयोग नाही. सतरा. नुसत्या वाऱ्याने चटका. मधूनच कोपरापर्यंत सणक. वन्सं म्हणाल्या, मुंग्यांनी हातात सुया घेतल्यात. अठरा. बाजारातून चालत आल्या, ठणका. दंडाचा काही भाग बधिर, पण शेजारी बोट लावलं की चटका.'"

त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. "आजी, तुम्ही घरी ठणका आणि चटका हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरता का?"

"छे! ठणका वेगळा, चटका वेगळा. एवढं कळत नाही होय कुणाला?"

"आम्हाला कळलं नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंच नाहीत."

मग त्यांनी वन्संना डोळे मिटायला लावले. मांडीच्या हाडावर बोटाने हळूच ठोकलं. वन्सं म्हणाल्या, "हा ठणका." कापसाचा पुंजका डाव्या दंडावरून फिरवला. "कापूस." तोच पुंजका उजव्या दंडावरून फिरवला तर वन्सं खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "काय लावलंत? ॲसिड?" डॉक्टरबाईंनी त्यांना डोळे उघडून पुंजका दाखवला. वन्संनी तो चिमटीत धरला, कापड पारखतात तसा चोळून पाहिला.

"म्हणजे तागा खराब नव्हता," त्या शेवटी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते मी तिथेच बसून लिहून घेतलं. हाडातलं दुखणं खोल असतं, एका जागी ठणकतं, भार पडला की वाढतं, कधी आडवं पडल्यावर किंवा झोपेतही छळतं. नेहमीच्या गोळ्या त्यावर चालतात. नस दुखावली तर आग होते, सणक जाते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि हलका स्पर्शही सोसत नाही. त्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्याचं औषध वेगळं. "काखेतल्या गाठी काढताना तिथली एक बारीक नस दुखावते. पुष्कळांना होतं. मला वाटतं तुमचं तेच आहे. रोग दंडात आलेला नाही. पण वाटण्यावर सोडायचं नाही, स्कॅन करू."

वन्सं म्हणाल्या, "एकीकडे कापड विरलंय आणि दुसरीकडे चुकून सुई घुसलीय, असं?"

"अगदी असं."

"आणि आम्ही विरलेल्याचं ठिगळ सुईच्या जागी लावत होतो."

"दोनदा मोठं करून," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा वन्सं हसल्या.

स्कॅनचा निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांची माझी पानं अगदी आखूड आहेत. सव्वीसला सकाळी अकरा वाजता फोन आला. मी घेतला. मांडीत आहे तेवढाच डाग, वाढलेला नाही. दंड, काख, मान, पाठ, कुठेही नवीन काही नाही. मी तो निरोप दोनदा म्हणून घेतला आणि मग वन्संना सांगितला. त्या टेबलापाशी बसल्या होत्या. "कुठेच नाही?" "कुठेच नाही." "मानेतसुद्धा?" "मानेतसुद्धा." त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मग नाक शिंकरून म्हणाल्या, "चहा टाक. आणि उतू घालवू नकोस."

पुढचं सोपं नव्हतं, पण सरळ होतं. मांडीच्या हाडावर एकदाच किरणांचा उपचार झाला. पहिले दोन दिवस ठणका उलट वाढला. तसं होईल हे आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तो उतरत गेला. हाड मोडू नये म्हणून डाव्या हातात काठी आली, आणि कापायच्या टेबलापाशी उंच स्टूल. शिरेतलं औषध जबड्याला बाधू शकतं, म्हणून त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं लागलं. पुढे कधी मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडले, मांड्यांमध्ये बधिर वाटलं किंवा लघवीवरचा ताबा गेला तर एक तासही थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरबाईंनी माझ्याकडून पाठ म्हणून घेतलं.

नसेसाठी झोपताना एक छोटी कॅप्सूल. फार कमीपासून सुरू करून दर आठवड्याला थोडी वाढवायची. औषधवाल्याने विचारलं, "फिटचं औषध आहे, घरात कुणाला फिट येते?" वन्सं म्हणाल्या, "मला नाही हो. माझं फिटिंग बिघडलंय." पहिला आठवडा काहीच फरक नव्हता. दुसऱ्या आठवड्यात सणक थांबली. तिसऱ्यात त्यांनी बाहीचा सदरा अर्धा तास घातला, चौथ्यात दिवसभर. तेव्हा आधीच्या गोळ्या डॉक्टरबाईंनी हळूहळू उतरवल्या, एकदम नाही. दुपारची पेंग गेली. बँकेतल्या बाईंची बाही वन्संनी उसवून नव्याने लावली आणि वर ऐकवलंही, "तुमचा डावा खांदा खाली आहे, आधी लक्षात आणून द्यायचं नाही का?"

काल आम्ही पुन्हा तळमजल्यावर गेलो.

"काय होतंय, आजी?"

वन्सं ताठ बसल्या. "ठणका जिना चढताना, तोही दुसऱ्या मजल्यानंतर. चटका सकाळी अंग पुसताना थोडा, तोही टॉवेल जाडा असेल तर. आग नाही. मुंग्या आहेत, पण त्यांनी सुया टाकून दिल्यात. वहिनीचा त्रास मात्र कायम आहे, सारखी विचारते आणि लिहिते."

"त्यावर औषध नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नकोच. शिरेतल्या औषधाची पुढची तारीख कधी ते सांगा, त्या दिवशी मी ट्रायल ठेवणार नाही."

तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो. रोग गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण आता त्यातला कुठला त्रास कशाचा, ते कळतं. फाटकापाशी मी ती तारीख डायरीत टिपायला थांबले, तर वन्सं काठी टेकत बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या. वळून ओरडल्या, "अगं वहिनी, पाय उचल! समोर बस उभी आहे, ती काय तुझ्या लिहिण्यासाठी थांबणार आहे?"