विलायतेची सोयरीक

कुणाचंही न ऐकणारी माणसं अमरावतीत गल्लोगल्ली सापडतील, पण दारी चालून आलेल्या विलायतेला ताटकळत ठेवून "आधी तुमची चौकशी होऊ द्या" असं सुनावणाऱ्या बाई अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि त्या म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. मी मूळचा अकोल्याचा. अकोल्याचं ऊन सोसलेला माणूस जगात कशालाच भीत नाही अशी आम्हा लोकांची समजूत असते. ती समजूत घेऊनच मी इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खाली बाईंचं चष्म्याचं दुकान होतं. सरकारी दवाखान्यात डोळे तपासण्याच्या नोकरीत उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते थाटलं होतं. सामान वर चढवायच्या आधीच त्यांनी मला दुकानातल्या खुर्चीत बसवलं, मांडीवर तुरीची डाळ घातलेलं सूप ठेवलं आणि खडे वेचायला सांगितलं. भाडेकरूंना या घरात घरकामाची सक्ती असावी असं वाटून मी मुकाट्याने वेचू लागलो. नंतर कळलं की जवळची नजर तपासण्याची ती त्यांची पद्धत होती. अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "ज्याले वाचता येत नाई त्यालेबी डोळे असतेच ना जी," एवढंच त्या म्हणत. एकदा एका निवृत्त मोठ्या साहेबांनी सूप बाजूला सारलं आणि आमच्या घरी हे काम बायका करतात असं ऐकवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग चष्माबी बायकोच्याच नंबराचा न्या." साहेबांनी डाळ निवडली. अशा रीतीने बाईंच्या घरची डाळ वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांनीच निवडली. ती मीही पुष्कळदा खाल्ली आहे आणि एकदाही दाताखाली खडा आलेला नाही.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. म्हणोत. बाळापूरच्या बाजाराला चष्म्यांची पेटी घेऊन जाताना त्या एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला खाली बोलावून लांबच्या ट्रकचा नंबर वाचायला लावत, आणि त्याने वाचला तरच तिकीट काढत. एकदा एक ड्रायव्हर चुकला. बाईंनी गाडी स्टँडवरच अडवून धरली आणि कंडक्टरपासून आगारप्रमुखापर्यंत सगळ्यांशी भांडण केलं. शेवटी पेटी उघडून एक चष्मा ड्रायव्हरच्या नाकावर चढवला तेव्हाच गाडी हलली. त्या बसमधले लोक वाटभर चिडचिड करत होते, पण सुखरूप पोचले, हे मात्र कुणी सांगत नाही. नवरदेवाला काळा चष्मा विकायलाही त्यांनी एकदा नकार दिला होता. या चष्म्यात तू फसवणारा दिसतोस, असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. धंदा असा करतात का, असं मी विचारलं, तर मी धंदा करून राहिली हे तुमाले सांगितलं कोणी, असा उलटा सवाल आला.

बाजाराच्या या फेऱ्यांत त्यांच्याबरोबर असायची त्यांची भाची, अकोटच्या भावाची मुलगी. बारावीनंतर ती शिकायला आत्याकडे आली आणि राहिली ती राहिलीच. डोळे तपासण्याची पदवी घेऊन आत्याच्याच दुकानात उभी राहिली. दोघी दिवसभर भांडत आणि रात्री एका ताटात जेवत. या मुलीने कुणाला न सांगता विलायतेत डोळे तपासायला लागणाऱ्या नोंदणीच्या परीक्षा दिल्या, आणि एके दिवशी इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथल्या चष्म्याच्या दुकानाला माणसं मिळत नव्हती आणि त्या दुकानाच्या मालकीणबाई मुलीला स्पॉन्सर करायला तयार होत्या.

बातमी फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. अकोटहून भाऊ आला आणि पोरीचं लग्नाचं वय झालंय, आता तिला समुद्रापार धाडायची नाही, असं बजावून चहा न घेता परत गेला. मग मिठाईचा डबा घेऊन एक एजंट उगवला. सगळं मी बघतो, पासपोर्ट आणि मूळ कागद तेवढे माझ्याकडे असू द्या, असं तो गोड बोलून म्हणाला. बाईंनी डब्याचं झाकण लावून तो त्याच्या हातात परत दिला. "पोरगी द्यायची हाय आमाले, गहाण नाई ठेवायची," एवढं बोलून त्यांनी त्याला दरवाजा दाखवला.

मग त्यांनी मला बसवून विचारलं, हे स्पॉन्सर म्हणजे काय भानगड आहे, नीट सांगा. मी सांगितलं की तिकडच्या मालकाने तिकडच्या सरकारला कळवायचं, ही मुलगी आम्हाला कामाला हवी आहे, तिची हमी आम्ही घेतो. त्या भरवशावर व्हिसा मिळतो. मालकाने मधेच हात काढून घेतला, तर थोडक्या मुदतीत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळून परत यायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सोयरीकच झाली की," त्या म्हणाल्या. "नांदवलं तं नांदवलं, नाई तं माहेरी. मंग सोयरिकीसारखी चौकशी कावून नाई करायची?"

मी हसलो. तसं नसतं हो बाई, तिथं नोकरी देणारा प्रश्न विचारतो आणि नोकरी घेणारा उत्तरं देतो, असं मास्तरकीच्या सुरात समजावू लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मास्तर, माह्या वेळी कोणी काई इचारलं नाई. घर पाहिलं, वावर पाहिलं, माणूस नाई पाहिला. वर्षाच्या आत परत आली मी. एकटीनं, पायी." त्यांनी समोरचा एक चष्मा उचलून पदराने पुसला. "हे पोट्टी तशी परत नाई आली पायजे."

त्यांच्या लग्नाबद्दल त्या माझ्याशी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, आणि पुढे पुन्हा कधीही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी हसायचं बंद केलं.

तिकडच्या मालकिणीशी व्हिडिओ कॉलचा दिवस ठरला. आपल्याकडे दुपार, तिकडे सकाळ. मुलीला वाटत होतं ती लॅपटॉपसमोर एकटी बसेल. खाली येऊन पाहते तो दुकानात सतरंजी अंथरलेली, चिवडा आणि चहा तयार, आणि सोयरिकीच्या बैठकीला बसावेत तसे पाच पुरुष मांडी घालून ओळीने बसलेले. त्यात रुसलेला भाऊ होता, कारण बैठकीला बाप नसला तर लोक काय म्हणतील, असं सांगून बाईंनी त्याला अकोटहून पकडून आणलं होतं. समोरच्या टेलरमास्तरांना दोन भावांसह उचललं होतं. पाचवा मी, बाईंच्या हुकमाने डोक्यावर टोपी घातलेला. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, आत्या, माझं वाटोळं करशील. आत्याने तिला साडी नेसायला पाठवू पाहिलं, तेवढ्यात लॅपटॉपवर घंटी वाजली.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच आमच्या बाईंनी चौकशी सुरू केली. याआधी बाहेरची कोणी मुलगी आणली होती का, ती टिकली का, तिच्याशी बोलता येईल का, ही राहणार कुठे, स्टेशनावर घ्यायला कोण येईल, आजारी पडली तर पेज कोण करून देईल. मुलगी सगळं गुळगुळीत करून इंग्रजीत सांगत होती. दर प्रश्नानंतर बाई माझ्याकडे वळून विचारत, पोट्टी बरोबर सांगून राहिली का. एक प्रश्न तिने गाळलाच. मालकिणीचा नवरा पितो का, हा तो प्रश्न. बाईंच्या नजरेखाली तो मला विचारावा लागला. माझ्या कॉलेजातलं इंग्रजी त्या दिवशी जितकं थरथरलं तितकं मुलाखतीतही थरथरलं नव्हतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण होता तेव्हा फार प्यायचा. मी ते सांगितल्यावर आमच्या बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. "मंग समजन हिले," असं त्या पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी शेवटची अट घातली. पहिल्या दिवाळीला पोरगी माहेरी आली पाहिजे. मुलीने डोळे मिटून ते सांगितलं. उत्तर द्यायच्या आधी पलीकडच्या बाई वाकून पडद्याजवळ आल्या, आमच्याकडे निरखून बघू लागल्या आणि ओशाळल्या. त्या मुलीला काहीतरी भराभर बोलल्या आणि मुलगी लाल झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, त्या माफी मागताहेत. मागे ओळीने बसलेले पेशंट केव्हाचे खोळंबलेत, विशेषतः ते कोपऱ्यातले म्हातारे सारखे डोळे बारीक करताहेत, आधी त्यांना पाहा म्हणतात. बोलणं मग करू, मी थांबते.

कोपऱ्यातले म्हातारे म्हणजे मुलीचे वडील. डोळे ते बारीक करत होतेच, पण चष्मा म्हातारे लावतात या हट्टाने बहिणीच्या खुर्चीत ते आयुष्यात बसले नव्हते.

आमच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "पाह्य गड्या," त्या भावाला म्हणाल्या, "सोताचं काम बाजूले ठेवलं, पण पेशंट ताटकळू देत नाई. घर चांगलं हाय. ऊठ, बस खुर्चीत."

सगळ्या विलायतेसमोर नाही म्हणायची भावाची छाती झाली नाही. मुलीने बापाचे डोळे तपासले. काचा बदलत, हळू आवाजात विचारत, हनुवटी धरून मान सरळ करत तपासले. पडद्यातल्या बाई पाहत होत्या. शेवटी चौकटीत काचा बसवून तिने आत्याच्या पद्धतीने सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एक खडा उचलला, दुसरा उचलला, मग मान वर करून समोर उभ्या असलेल्या मुलीकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे काम येते व्हय तुले," ते म्हणाले. थोड्या वेळाने डाळीकडे बघत पुटपुटले, "जाऊ दे तं तिले."

दिवाळीची अट तिकडून मान्य झाली. पुढचं सगळं रीतीने पार पडलं. स्पॉन्सरचं पत्र आलं तेव्हा बाईंनी साक्षगंध झालं म्हणून गल्लीत पेढे वाटले. व्हिसा आला तेव्हा हळद लागली म्हणाल्या. वरूडची संत्रा बर्फी विहिणीकडे पाठवायची म्हणून मुलीच्या बॅगेतले दोन स्वेटर बाहेर निघाले. कुणी म्हणालं, पोरगी गेली की दुकान कोण चालवणार, कुणी म्हणालं, तिकडे गेलेलं परत येत नाही. बाईंनी प्रत्येकाला डाळीचं सूप दिलं आणि कामाला लावलं. बडनेरा स्टेशनवर सगळे रडले, टेलरमास्तरसुद्धा रडले. बाई रडल्या नाहीत. गाडी हलताना खिडकीशी जाऊन त्यांनी भाचीला बजावलं, "तपासताना पेशंटच्या डोळ्यात पाह्यत जाय. बाकी वेळी मालकिणीच्या डोळ्यात. खाली पाह्याचं नाई."

यंदा दिवाळीच्या आधी त्यांनी घर रंगवून घेतलं, भाचीच्या खोलीत नवी गादी टाकली, अनारसे करायला घेतले. एका दुपारी मुलीचा फोन आला. ती येत नव्हती. बाईंनी पदर खोचला. मला वरून हाक मारून बोलावलं आणि त्या विहिणीला लावा फोन म्हणाल्या. शब्द देऊन फिरवते म्हणजे काय, आता दाखवतेच तिला, असा एकूण नूर होता. मुलगी पलीकडून सांगत होती की सुट्टी मंजूर होती, मालकीणबाई जाच म्हणून मागे लागल्या होत्या. पण दुकानात केरळची एक मुलगी होती, तिची आई दवाखान्यात होती, आणि दोघींना एकदम सोडता येत नव्हतं. तेव्हा हिनेच आपली सुट्टी तिला देऊन टाकली. मालकीण नको म्हणाली, तरी हिने ऐकलं नाही.

बाईंनी फोन खाली ठेवला. भांडायला कुणी उरलंच नव्हतं. माझ्या मनात आलं, ज्यासाठी एवढी विलायत वेठीला धरली ते तर झालं. पोरगी तिकडे मान वर करून नांदत होती, घरच्या माणसासारखी स्वतःच्या मनाने ठरवत होती. तेवढ्यामुळेच ती आली नव्हती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पोट्टीनं कोणाचंच ऐकलं नाई."

"कोणावर गेली कोण जाणे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं करड्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. मग गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून स्वतःच तिच्यात बसल्या, डाळीचं सूप मांडीवर घेतलं आणि खाली मान घालून बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. हाताला एकही खडा लागत नव्हता. शेवटी त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

"तुमीच निवडा आज," त्या म्हणाल्या. "मले दिसून नाई राहिलं."

मी डाळ निवडायला घेतली. चष्म्याचा नंबर काढून घ्या असं काही मी त्यांना म्हणालो नाही.