पंप थुकत नसतो

मागे इथे ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, कॅनमधून डिझेल आणि पाणी काढायला साधा, स्वस्त पंप कुठला घ्यावा? मी उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत लांबत भलतीकडेच गेलं... म्हणून शेवटी ते या अनाकलनीय अनुभवांच्या सदरात टाकतेय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

एक गोष्ट आधीच सांगते. देवचार, चकवा, झपाटणं यातलं मला काही पटत नाही. मालवणजवळच्या देवबागेत राहून असं म्हणायला जरा हिंमत लागते, कारण इथे लोकांना प्रत्येक माडाखाली कोणीतरी उभं दिसतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच माडांखालून जातेय. डोक्यात नारळ पडेल याचीच काय ती भीती वाटली.

माझं माहेर कुडाळचं. भावाचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, आधी ते वडिलांचं होतं. दप्तर टाकलं की मी तिथेच, झडपा उघडत बसलेली. इकडे आमचं होमस्टे आहे आणि एक डिझेलवरची होडी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूच्या पट्ट्यावर घर. होडी खाडीच्या बाजूला लागते. माझा नवरा दिनेश गेस्टना घेऊन खाडीच्या मुखातून बाहेर जातो, डॉल्फिन दाखवायला.

होडीची टाकी खाली, फळीच्या आत. हलत्या होडीत भरलेला जड कॅन उचलून ओतायचा म्हणजे निम्मं डिझेल बाहेर. म्हणून कॅन वरच्या फळीवर ठेवायचा, नळी आत सोडायची आणि ओढ लावून द्यायची, म्हणजे डिझेल नळीत चढवून द्यायचं. एकदा ओढ लागली की पुढचं काम आपोआप होतं.

ही ओढ माझे सासरे तोंडाने लावायचे. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही. जन्मभर आबांनी नळी तोंडात धरून डिझेल ओढलं. तोंडात आलं की घसा खाकरून एक जोरदार थुंकी — खर्र, थू — आणि नळी टाकीत. तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. पुढे खोकला लागला, तो काही जाईना. मालवणच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, फुप्फुसात डिझेल गेलंय, आता हे बंद.

मी लगेच पंप बघायला घेतले. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी लिहिते. टोकाला गोळी असलेली, खालीवर हलवून चालू करायची नळी मिळते. ती पाण्याला उत्तम, पण आमच्याकडे वाळूचा एक कण गोळीखाली अडकला की संपलं. बॅटरीवरचा पंप मी इंधनाजवळ येऊ देत नाही, ठिणगीचा काय भरवसा! राहिला रबरी फुग्याचा. मध्ये फुगा, दोन्ही बाजूंना एकेक झडप, दोन-चारदा दाबला की ओढ लागते. डिझेलसाठी घेताना डिझेलला टिकणारंच रबर मागून घ्या. आणि पाण्याचा वेगळा, डिझेलचा वेगळा. मी डिझेलच्या पंपाला लाल चिंधी बांधली.

आबांना तो पंप बिलकूल आवडला नाही.

"तोंडात घेतला की माका कळता, डिझेल आसा की पाणी," ते म्हणाले. "पाणी इला तर मी थुकतंय. तुझो पंप थुकतलो काय गो?"

"पंप थुकत नसतो, आबा. आनि पंपाक खोकलोय होणा नाय."

मी जुनी नळी त्यांच्यासमोर विळीवर कापली. वाडीत बोलणं झालं, सुनेने म्हाताऱ्याला होडीवरून उतरवलं म्हणून. बोलू देत. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे. आबा त्यानंतर दोन पावसाळे काढून गेले, त्याच खोकल्याने. मला त्यांची फार आठवण येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता तो दिवस. आबा गेल्यानंतरची, दिवाळीच्या जरा आधीची सकाळ, सीझनची पहिली फेरी. पुण्याचं एक कुटुंब काठावर लाइफ जॅकेट घालून उभं, त्यात एक लहान मुलगी. ओहोटी लागलेली. ओहोटीत खाडीचं पाणी मुखाकडे खेचतं आणि तिथे समोरून लाटा फुटत असतात. अशा वेळी इंजिन चालू असेल तर काही नाही. बंद पडलं तर होडी आडवी होते... पुढचं आमच्याकडे कोणी बोलत नाही.

दिनेशने निळा कॅन फळीवर ठेवला. मी झाकण उघडून पाहिलं, वर लालसर डिझेल, वासही डिझेलचाच. नळी तळापर्यंत सोडली, दुसरं टोक टाकीत, आणि फुगा दाबला.

पहिल्या दाबाला नळीत काहीतरी चढलं. दुसऱ्या दाबाला आवाज आला. खर्र. फुगा माझ्या मुठीत असा आखडला, जणू कोणीतरी आतून गळा आवळून धरलाय. आणि कॅनमधली नळी उसळून बाहेर आली आणि फळीवर पचकन थुंकली.

थुंकली हाच शब्द आहे. मला दुसरा सापडत नाही.

मी झडपा तिथेच उघडल्या. स्वच्छ. नळी शेजारच्या कॅनमध्ये घातली, सुरळीत ओढ लागली. ती काढून पुन्हा निळ्या कॅनमध्ये... खर्र, थू. तोच आवाज, आणि तसाच जोर.

"दी तो कॅन हडे," दिनेश वैतागला. "ओतून मोकळो होतंय. लोकां वाट बघतत."

त्याने कॅन उचललाही. मी त्यावर हात ठेवला.

"वायच रव."

"कित्याक?"

मी झडपा तपासल्या म्हणून किंवा काही शंका आली म्हणून त्याला थांबवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी थांबवलं ते त्या आवाजामुळे. तो आवाज मी रोज सकाळी चूल पेटवताना ऐकलेला होता.

फळीवर जे पडलं होतं त्याला वास नव्हता, तेलकट झाकही नव्हती. मी बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. मी, जिने घरात नळीला तोंड लावायला बंदी घातली होती. खारट लागलं. ते खाडीचं पाणी होतं.

कॅन उपसल्यावर उलगडा झाला. पावसाळ्यात होडी वर ओढून ताडपत्रीने झाकतो. ती वाऱ्याने उडू नये म्हणून वजन बांधायचं, पण देवबागेत हाताशी दगड कुठला? सगळी वाळू. मग रिकामे डिझेलचे कॅनच खाडीच्या पाण्याने भरून दोरीला लटकवायचे. आमच्याकडे सगळेच करतात. यंदा एक कॅन अर्धाच ओतला गेला, आणि दिनेशने जुनं डिझेल उरलंय समजून त्याच्यावर नवं भरून आणलं. डिझेल वर तरंगलं, पाणी तळाला राहिलं. ओतलं असतं तर सगळंच टाकीत गेलं असतं आणि इंजिन ऐन मुखावर बंद पडलं असतं. टाकीतलं टोक मी पाहिलं. पाण्याचा एक थेंब गेला नव्हता.

फेरी रद्द केली. पुण्याचे लोक चिडले, चिडू देत. ती मुलगी लाइफ जॅकेट काढायला तयार नव्हती, जेवायलाही तशीच बसली.

सासूबाईंनी पंप हातात घेतला.

"तेंचो जीव अजून होडयेतच आसा गो. एक नारळ ठेव, गाऱ्हाणा घाल."

पंपासमोर नारळ? मी साफ नाही म्हटलं. पंप घेऊन कुडाळला गेले. भावाने तो खोलून काढला, परत जोडला, पाण्यात, डिझेलमध्ये, खाऱ्या पाण्यात, सगळ्यात चालवून पाहिला. सगळ्यात सरळ चालला.

"ह्यो उलटो मारूचोच नाय," तो म्हणाला. "कचरो अडाकलो तर झडप गळता. अशी थुकना नाय."

ते मलाही माहीत आहे. पंपाला चव कळत नाही. पंपाला डिझेल काय, पाणी काय, सारखंच. इथे कोणी इंजिनियर असतील तर त्यांनी कारण सांगावं, मी आनंदाने ऐकेन. हवा अडकली, प्रेशर उलटलं वगैरे सांगू नका, ते सगळं आम्ही करून पाहिलंय. आणि भूत होतं असंही सांगू नका. मला माहीत नाही, एवढंच माझं उत्तर.

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांना, फुग्याचा पंप घ्या. आणि ओढ लावण्याआधी तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून बघा, मी आता तेच करते.

लाल चिंधीचा तो पंप मात्र मी बदललेला नाही. होडीत खुंटीला असतो. सासूबाईंनी माझ्या नकळत त्याच्याजवळ एक विडी ठेवली होती. मी ती उचलून खाडीत फेकली. खोकल्याच्या माणसाला विडी कसली देता?

पंप थुकला, आबा. तुम्ही जिंकलात. पण नळीला तोंड मी कोणाला लावू देणार नाही. तुम्हालाही नाही.