पंचनाम्यात न लिहिलेला कागद

धरमपुरीच्या घाटावरची ती झडती इतक्या वर्षांनंतरही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत शेकडो झडत्या घेतल्या, बाकीच्या विसरलो. त्या प्रकरणातली सगळी माणसे आता गेली, मीच तेवढा उरलो. नावे सांगणार नाही. जे तेव्हा लिहिले नाही, ते मात्र लिहून ठेवतो.

त्या काळचे देवास म्हणजे एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. न्यायालये वेगळी, ठाणी वेगळी. चोर रस्ता ओलांडून गेला की आम्ही हात चोळत उभे. मी त्यातल्या एका ठाण्यावर जमादार होतो. कोणत्या, ते विचारू नका.

एके सकाळी आमच्या हद्दीतले एक मानकरी गृहस्थ फिर्याद घेऊन आले. धाकटा भाऊ वारला होता. विधवा भावजय देव्हाऱ्यातले चांदीचे पाच टाक डब्यासकट घेऊन रस्त्यापलीकडे माहेरी गेली, अशी तक्रार. लिहून घेताना मला पहिला संशय आला तो फिर्यादीचाच. घरचे देव गेलेला माणूस देवांबद्दल बोलतो. हे डब्याबद्दलच बोलत होते. "सोवळ्यातला डबा आहे, जमादार. सापडला की उघडू नका, तसाच आणा."

बाईला बोलावणे धाडले. ती पलीकडच्या दरबारची रहिवासी, येण्याचे तिला बंधन नव्हते. तरी आली. म्हातारी आत्या सोबत घेऊन ठाण्याच्या ओसरीवर बसली.

"बाईसाहेब, टाक कुठं आहेत?"

"सुरक्षित आहेत. देव माझेही आहेत."

"इथं यायला कुणी सांगितलं?"

"आमच्या वकीलसाहेबांनी. म्हणाले, भिऊ नका, जा."

मी आवाज चढवला. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "ओरडू नका हो. ती बहिरी नाही, आणि मीही अजून झाले नाही." मग मलाच सुनावले, "देवांसाठी नाही रडत तो तिचा दीर. हिच्या नवऱ्यानं दत्तक घ्यायची परवानगी स्वतःच्या हातानं लिहून दिलीय. त्या परवानगीच्या जोरावर हिचा दावा पलीकडच्या न्यायालयात लागलाय. तो कागद गेला की ही जन्मभर दिराच्या चुलीशी, दोन वेळच्या अन्नाला मिंधी. कळलं?"

कळले. आठ दिवसांनी पुन्हा या, असे सांगून मी दोघींना जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला घरी बोलावले. दोन्ही दरबारांची सनद असलेले नावाजलेले वकील. घराचे पुढचे दार आमच्या हद्दीत, मागचे पलीकडच्या. बरोबरचा माळवी शिपाई दारातच हसला, "भिया, वकील साब को घर तो धरमशाला हे, दोई आड़ी से खुले."

पुढच्या खोलीत खुंटीवर फिर्यादींचे पागोटे होते. आतल्या बाजूने आत्याबाईंचा आवाज येत होता. कुणीतरी मधले दार ओढून घेतले.

वकीलसाहेबांनी पान पुढे केले. "धरमपुरीला घाटावरच्या देवळात एक म्हातारी गुरवीण आहे. डबा तिच्याकडे आहे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जमादार, बातमीदाराचं नाव तुम्ही तरी कधी सांगता का?"

मी विचारले, "साहेब, तुम्ही नक्की वकील कुणाचे?"

ते मनापासून हसले. "अलीकडे दिराचा, पलीकडे भावजयीचा. दोन दरबार, दोन वकीलपत्रं. कायद्यात कुठं अडतंय? आणि हे बघा, डब्यात कागदबिगद निघाला, तर ती दिवाणी बाब. फौजदारी पंचनाम्यात तिचं काम नाही. तुमच्या फौजदारपदाच्या बढतीचं मी दरबारात बोललोच आहे."

मी पान खाल्ले.

धरमपुरी धार दरबारच्या हद्दीत, म्हणून त्यांची परवानगी काढून तिथे गेलो. गुरवीण आत गेली आणि डबा आणून पायरीवर ठेवला. दोन नावाड्यांना पंच केले. टाक पाच निघाले. खाली लाल फडक्यात घडी केलेला कागद. मी तो वाचला. मृताची सही होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. आत्याबाईंनी सांगितले तसेच, शब्दाला शब्द.

पंचनाम्यात मी टाकच लिहिले. अंगठा उठवताना थोरला नावाडी थबकला. "सरकार, यो कागद नी लिख्यो?"

"त्यात काही नाही," मी म्हणालो.

त्याला वाचता येत नव्हते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि अंगठा उठवला.

ठरल्या दिवशी बाई आली. सोबत वकील. मेजावर डबा पाहून ती वकिलांकडे वळली. "गुरवीणबाईंचं नाव मी एका तुम्हालाच सांगितलं होतं." वकीलसाहेब दप्तराची गाठ सोडत राहिले. मग ती मला म्हणाली, "जमादारसाहेब, यात एक कागद होता."

"पंचनाम्यात टाक पाच आहेत," मी म्हणालो.

डबा मी सुपूर्दनाम्यावर तिच्या दिराच्या हवाली केला, आतल्या कागदासकट. दिराने मोठ्या मनाचा आव आणून चोरीची फिर्याद मागे घेतली. पलीकडच्या न्यायालयात तिचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. तिथे तिच्या बाजूने उभे राहिले होते तेच वकील. आत्याबाई गेल्यावर ती दिराच्या घरी परतली. पुढे बावीस वर्षे मी तिला त्यांच्या विहिरीवर पाणी भरताना पाहत आलो. मी फौजदार झालो होतो. ती मान खाली घालून जात नसे. मीच दुसऱ्या गल्लीने जाई.

पोलिसाला माणसे ओळखता येतात, असे लोक समजतात. मी दिराला पहिल्या दिवशी ओळखले, वकिलाला दुसऱ्या. अशिलाने विश्वासाने सांगितलेले विरुद्ध बाजूला पोचवणारा वकील सनदेला लायक नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. दरबाराला एक ओळीचे पत्र पुरले असते. मी रोजनाम्यात लिहिले, 'विश्वसनीय बातमीदाराकडून समजले.' त्या लिखाणातला 'विश्वसनीय' हा शब्द मला आजही वाचवत नाही.

तो पंचनामा आता कुठे असेल कुणास ठाऊक. म्हणून दुरुस्ती इथे करतो. बातमी देणारा: आरोपी बाईचा स्वतःचा वकील. डब्यात मिळाले: चांदीचे टाक पाच, आणि त्यांच्याखाली लाल फडक्यात, नवऱ्याच्या सहीचा दत्तकाच्या परवानगीचा कागद एक. पंचाने विचारले होते. मी खोटे सांगितले.