पान सोळात, कागद सतरात

मी बल्लारपूरची पोर. वडील पेपर मिलमध्ये, मामा पेपर मिलमध्ये, शेजारच्या चार घरांतले लोकही त्याच भोंग्यावर घड्याळ लावणारे. त्यामुळे कागदाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवू नये, असा माझा लहानपणापासूनचा तोरा. लग्न होऊन सिंदेवाहीला आले, ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान टाकलं, तरी तो तोरा काही उतरला नाही. शेवटी एका पत्रावळीनं उतरवला.

जवळच्या गावातल्या पाच बाया दुकानात आल्या होत्या. बचत गट होता त्यांचा. पळसाची पानं बांबूच्या काड्यांनी टाचून पत्रावळी करायच्या. आता त्यांना सरकारी योजनेतून पत्रावळी दाबायचं यंत्र हवं होतं. प्रशिक्षणात मिळालेला नमुना सोबत आणला होता : वर पळसाचं पान, खाली खाकी कागद, दोन्ही दाबून एकजीव केलेलं. अर्जात उद्योगाचा वर्ग निवडायचा होता. मी खाकी कागद पाहिला आणि डोळे झाकून सतरा नंबरचा गट टाकला. कागद आणि कागदाच्या वस्तू. त्यातही पहिलीच ओळ निवडली, लगदा आणि कागद तयार करणे. बल्लारपूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार!

पंधरा दिवसांनी अर्ज प्रश्न घेऊन परत आला. लगदा शिजवायला रोज किती पाणी लागतं? सांडपाणी कुठे सोडता? चिमणीची उंची किती?

मी ते प्रश्न मोठ्यानं वाचले, तशी गटातली सगळ्यात म्हातारी बाई गंभीरपणे म्हणाली, "पाणी? आमी पाच जणी मिळून दोन लोटे पितो. चिमणी कुठून आणू? आमी बसतो तिथं तं चूल बी नाई."

बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंब्याखाली बसून पानं टाचणाऱ्या पाच बायांना मी सरकारदरबारी पेपर मिल करून टाकलं होतं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

हेल्पलाइनवरच्या मॅडम म्हणाल्या, "मुख्य माल कशाचा आहे ते बघून गट बदला. शनिवारपर्यंत. नंतर अर्ज आपोआप रद्द होतो."

त्या दिवशी मी वर्गीकरणाचं ते लांबलचक पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं, आणि खरं सांगते, त्यात अडकलेच. लिफाफे, कागदी कप, अंड्यांचे ट्रे सतरात. छपाई झाली की माल अठरात. लाकूड घासायचा पॉलिश पेपर, ज्याला आपण सगळे पेपरच म्हणतो, तो कागदात नाहीच, तो दगडमातीच्या मालाजवळ जाऊन बसलाय. आणि पत्ते? वडील सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास रमी खेळायचे, ते पत्ते खेळण्यांच्या गटात! वडिलांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "आता समजलं, तुझी आई काऊन म्हणे का मी लेकरावानी करून राह्यलो." आणि झाडपाला, बांबू, गवत विणून-टाचून केलेल्या वस्तू सोळात, लाकडाच्या सोबत.

मग ही पत्रावळ कुठली? सोळातली का सतरातली?

दुसऱ्या दिवशी गटाची सचिव एकटीच दुकानात आली. पाचांतली सगळ्यात तरुण तीच, मोबाईल तिच्याकडेच असायचा. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "ताई, यावेळी यंत्र आलंच पायजे, त्यात दाबलं का फट राह्यत नाई. आमच्या म्हातारीले आता दिसत नाई. तिच्या पत्रावळीत बोटबोट फटी राह्यते. आमी त्या घरी नेतो, उसवतो अन् पुन्हा टाचतो. तिले सांगू नका. तिले वाटते तिचा हात अजून तसाच आहे. पण लगनसराईत इतकं दुहेरी काम कसं होईन? मंग तिले घरी बस म्हणा लागते. ते कोण म्हणन?"

 आळशीपणानं पहिल्याच ओळीवर टिचकी मारली होती ती मीच.

मग मी हट्टालाच पेटले. नमुन्याची पत्रावळ पाण्यात भिजवली, पान वेगळं केलं, कागद वेगळा केला आणि शेजारच्या किराण्यातल्या काट्यावर दोन्ही तोललं. कागद जड! म्हणजे सतराच बरोबर, फक्त ओळ चुकली, असं म्हणत मी दोन्ही पिशवीत घातलं आणि विजयी मुद्रेनं स्कूटी काढून गाव गाठलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "अवं माय! पाणी पिलेला कागद मोजून राह्यली तू? पान कधी पाणी पिते का?"

पेपर मिलवाल्याच्या पोरीला हे कळू नये! मी तिथंच अंगणात दोन्ही वाळत घातलं. कागद हलका झाला, पण पानही कुरकुरीत होऊन भुरूभुरू उडायला लागलं. किती वाळवायचं, कधी मोजायचं, कोण ठरवणार? मी कपाळाला आठ्या घालून बसले.

म्हातारी उठली. घरातून गंजीभर वरण आणलं. चाचपत त्या वाळलेल्या नुसत्या खाकी कागदावर पळीभर वरण ओतलं, आणि तो कागद उचलून माझ्या हातावर ठेवला. दोन मिनिटांत तळ भिजला, वरण माझ्या साडीवर. मग दुसरीनं टाचलेल्या साध्या पत्रावळीवर ओतलं. थेंब गळला नाही.

"जेवन कोण धरते?" तिनं विचारलं.

"पान."

"मंग लिही तसंच. कागद फक्त पानाले खालून आधार देते."

मी घरी येऊन सोळा टाकलं. कारणाच्या रकान्यात तिचंच म्हणणं लिहिलं, जरा इस्त्री करून. अर्ज मंजूर झाला आणि लगनसराई तोंडावर असताना यंत्र आलं.

मी मुद्दाम पाहायला गेले. दांडा सचिव ओढत होती. म्हातारी शेजारी बसून खाकी कागदावर हातानं चाचपून पानं मांडून देत होती, भराभर, एकावर एक कड चढवत. पहिली पत्रावळ निघाली ती तिनं मांडीवर घेतली. आंगठा कडेकडेनं फिरवला, मग मधून, मग पुन्हा सगळीकडून. कुठेच फट नव्हती. सगळ्या जणी तिच्याकडे बघत थांबल्या होत्या.

"चांगली झाली," ती म्हणाली. "आता माह्या पत्रावळी तुमाले घरी नेऊन पुन्हा टाचा लागणार नाई."