लिलाबाईचं नसलेलं कर्ज

आमच्या धुळ्याच्या गल्लीत लिलाबाईइतकी हिशेबी बाई दुसरी नाही, आणि तिच्या नवऱ्याइतका दिलदार माणूसही दुसरा नाही. देवाने म्हणा, नशिबाने म्हणा, दोघांना एकाच घरात कोंडलं. लिलाबाई बौद्ध, मी पाटलीण. पण समोरासमोर दारं असली की भांडायला आणि चहाला जात लागत नाही. आम्ही दोन्ही भरपूर केलं.

सुपडूभाऊ पालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. व्हॉल्व्ह उघडायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, एवढंच काम. पण कोणी नुसतं म्हणावं, "सुपडूभाऊ, घरात पाहुणे आलेत, जरा जास्त वेळ सोडा ना," की सोडलंच! अख्ख्या नोकरीत या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणी ऐकला असेल तर मला आणून दाखवा. पाणी लोकांचं होतं, ते एक वेळ ठीक. पण पगाराचा व्हॉल्व्हही भाऊ तसाच उघडा ठेवायचे. सोनगीरचा चुलतभाऊ चुडामण आला, घ्या. कोणाचं बारसं, घ्या. कोणाची मोटारसायकल हप्त्यावरून अडली, घ्या. उसने दिलेले पैसे परत मागायचे म्हटलं की भाऊंना घाम फुटायचा. जणू काही चोरी यांनीच केली होती.

मग संसार कोणी चालवला? लिलाबाईने. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, दुपारी घरी शिलाई मशीन. किराणा नेहमी रोख, उधारीची वही तिने दुकानदाराला उघडूच दिली नाही. पगार झाला की आधी घराचा हप्ता, मग पोरीची फी, मग धान्य, आणि उरलं तर भाऊंच्या हातात बसभाड्यापुरतं. भाऊ त्यातलेही कोणाला तरी देऊन पायी यायचे. "चालणं तब्येतीला चांगलं," म्हणायचे. वा रे तब्येत!

तर भाऊ रिटायर झाले. ग्रॅच्युईटी, रजेचा पगार, फंड, सगळं मिळून बऱ्यापैकी रक्कम हातात आली. म्हणजे आली ती लिलाबाईच्या हातात, कारण भाऊंना चेक दाखवायलाही ती तयार नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने घराचं उरलेलं कर्ज एकरकमी फेडलं आणि घराचे कागद सोडवून आणले. बाकी सगळी रक्कम मुलीच्या, समीक्षाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकली. समीक्षाला जळगावला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळते, नाही असं नाही. पण ती तिच्या सवडीने येते आणि कॉलेजची फी वेळेवर लागते. ती ठेव मोडली की पोरीचं शिक्षण मोडलं, इतका साधा हिशेब होता.

आता हे सगळं गुपचूप राहायला हवं होतं ना? राहिलं असतं, पण निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी भाऊंनी माईकवरून फंडाचे पैसे मिळाल्याचं सांगून सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं.

मग काय विचारता! रोज दारात चपला. जे नातेवाईक आम्ही फक्त लग्नपत्रिकेत वाचले होते, तेसुद्धा सदेह प्रकट झाले. चुडामणभाऊंना हायवेवर हॉटेल टाकायचं होतं. "मुंबई-आग्रा रोड शे भाऊ, गाडी थांबनी का पैसा उना!" गाडी थांबली की पैसा आलाच, म्हणे. त्यांचा पोरगा सुयश त्याहून हुशार. त्याच्याकडे मोबाईलमध्ये अशी काही स्कीम होती की पैसे ठेवले की सहा महिन्यांत दुप्पट. मी म्हटलं, "बाळा, मग तुझेच ठेव ना दुप्पट करायला." तर म्हणतो, "काकू, सुरुवातीला थोडं भांडवल लागतं." लागतं बरं, लागतं. दुसऱ्याचं लागतं.

आणि भाऊ? भाऊ प्रत्येकाला "बघू, करू काहीतरी" म्हणायचे. आमच्या खान्देशात 'बघू' म्हणजे नाही, हे लेकराला कळतं. पण भाऊंचं 'बघू' म्हणजे हो, हेही आख्ख्या भावकीला ठाऊक. रात्री मागणारा जायचा तेव्हा दोघांचं भांडण, सकाळी नवीन मागणारा हजर. चहापत्तीचा डबा आठवड्यात रिकामा, साखर विचारू नका.

एक दिवस ती माझ्याकडे आली. चेहरा असा की मला वाटलं, कोणी गेलंबिलं का काय. म्हणाली, "प्रमिलाताई, मी ठरवलं. आता मीच मागणार."

"कोणाला?"

"सगळ्यांना. त्यांनी तोंड उघडायच्या आत."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा मी हसून हसून ओट्यावर बसले. ज्या बाईचं कर्ज नुकतंच फिटलं, ती बाई आता गावभर कर्जबाजारी म्हणून मिरवणार! काय डोकं, बाई!

तिने गोष्टही छान रचली. भाऊंनी कोणालातरी जामीन राहून सही केली, तो पळाला, आता पतसंस्था यांच्या मागे लागली, रिटायरमेंटचे सगळे पैसे गेले आणि वर अजून देणं आहे. भाऊंना ताकीद एकच: तुम्ही बोलायचं नाही, फक्त मान खाली घालायची. ते त्यांना छान जमलं. घरात इतकी वर्षं तोच सराव होता. आणि गोष्ट सगळ्यांना लगेच पटली, कारण भाऊ असं करू शकतात याबद्दल भावकीत कोणाला शंकाच नव्हती.

चुडामणभाऊ आले. चहा येण्याआधी लिलाबाईने पदर डोळ्याला लावला. "भाऊ, तुम्हीच आता आधार. पन्नास हजार तरी द्या." चुडामणभाऊंना एकदम आठवलं की म्हैस आजारी आहे. उभ्या उभ्या चहा ढोसला आणि गेले. नंतर त्यांचा फोनच लागेना. सोनगीरच्या किल्ल्यावर राहायला गेले की काय, देव जाणे. सुयशने तर मला रस्त्यात पाहून गल्ली बदलली, आणि मी यांची कोणीच लागत नव्हते!

महिन्याभरात घर असं शांत झालं की विचारू नका. साखर पुरली, गॅस पुरला, चहापत्ती उरली. लिलाबाई मला सांगायची, "ताई, खोट्या कर्जाने जेवढी बचत झाली तेवढी खऱ्या काटकसरीने झाली नव्हती." मी पण खुश. फुकटचा तमाशा कोणाला आवडत नाही?

पण बाईने एक आगाऊपणा केला. सगळ्यांना फोन केले तसा रावेरलाही केला. रावेरला भाऊंची थोरली बहीण, सुनंदाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, केळीच्या पॅकिंगला जाते. केळी धुवायची, पुसायची, खोक्यात भरायची, पाठ मोडेपर्यंत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बोली माहेरचीच. तिने कधी कोणाकडे दमडी मागितली नव्हती. मी लिलाबाईला म्हटलंही, "अगं, त्यांना कशाला? त्या कुठे मागायला येतात?" तर म्हणाली, "अक्कांना खरं सांगितलं तर सोनगीरपर्यंत जाईल. आणि उद्या मागणारच नाहीत कशावरून?" फोनवर सुनंदाबाई सगळं ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. लिलाबाईने नाक मुरडलं. "पाहिलंत? सगळे एका माळेचे मणी."

आठ-दहा दिवसांनी भर दुपारी सुनंदाबाई दारात उभी. रावेरहून दोन बस बदलून आलेली, घामाने डबडबलेली. हातात केळ्यांची पिशवी, डागामुळे बाजूला काढलेली केळी, पण गोडीला काय होतं! मी तिथेच भाजी निवडत होते. पाणीसुद्धा घ्यायच्या आधी तिने कमरेची पिशवी सोडली आणि नोटांची गड्डी लिलाबाईच्या मांडीवर ठेवली.

"हाई घे. जास्त नही शे. पन पतसंस्थावाला दारशी येवाना आगोदर थोडं ते फेडी टाक. सुपडू भोळा शे, त्याले काही बोलू नको."

लिलाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. "अक्का, एवढे पैसे तुमच्याकडे कुठून?"

सुनंदाबाईचा हात गळ्याकडे गेला. तेव्हा आम्हाला दिसलं की गळा मोकळा आहे. तिची सोन्याच्या मण्यांची माळ! वर्षानुवर्षं केळीच्या मजुरीतून एक-एक मणी घेऊन जळगावच्या सोनाराकडून ओवून घेतलेली. म्हातारपणाला काय म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं. येता येता जळगावला उतरून सोनेतारणवाल्याकडे ती माळ गहाण टाकून आली होती.

म्हणजे बघा! या घराने नसलेलं कर्ज सांगितलं, आणि जिने जन्मात कोणाचं एका रुपयाचं देणं ठेवलं नाही, तिच्या डोक्यावर खरंखुरं कर्ज बसलं. व्याजासकट.

मी भाजी खाली ठेवली. लिलाबाईपुढे पेच. पैसे घेतले तर पाप, खरं सांगितलं तर तोंड दाखवायची सोय नाही. आणि खरं फुटलं की उद्यापासून दारात पुन्हा चपला, पोरीच्या ठेवीवर पुन्हा डोळे, हेही तिला दिसत होतं. तेवढ्यात भाऊ आतल्या खोलीतून बाहेर आले. कधी नव्हे ते भाऊच बोलले. आयुष्यभर ज्यांना नाही म्हणता आलं नाही, ते म्हणाले, "नही अक्का. ते पैसे नको. कर्जबिर्ज काही नही शे."

"नही शे?"

मग लिलाबाईने सगळं सांगितलं. समीक्षाची ठेव, चुडामणभाऊ, सुयश, सगळं. रडत रडत, पण काही लपवलं नाही. मला वाटलं, आता अक्का आभाळ डोक्यावर घेणार. घ्यायला हवं होतं. घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "लिला, मी तुनाकडे कधी काही मांगं का?"

जिच्या तोंडाला गल्लीतले दुकानदार घाबरायचे, त्या बाईने नोटांची गड्डी उचलून अक्काच्या पिशवीत परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाबाई आणि मी सुनंदाबाईला घेऊन जळगावला गेलो. तीच गड्डी काउंटरवर ठेवली, व्याज आणि कागदपत्रांचा खर्च लिलाबाईने भरला. काउंटरवरचा मुलगा हसत म्हणाला, "मावशी, एका दिवसात सोडवून नेलं? काम झालं का एवढ्यात?"

"काम नव्हतंच, बाबा," सुनंदाबाई म्हणाली, "माले वाटनं व्हतं, शे म्हनीसन." तिने माळ गळ्यात घातली, पदर नीट केला आणि रावेरच्या बसमध्ये जाऊन बसली. लिलाबाई खिडकीखाली उभी राहून "आखाजीला या हं अक्का" म्हणत राहिली. बस निघाली तरी म्हणत राहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात; अक्का आल्या नाहीत. पुढच्या आखाजीलाही नाही.

एक झालं. लिलाबाईने त्या दिवसापासून खोटं बोलणं सोडलं. चुडामणभाऊंना सुगावा लागला, महिन्याभरात पुन्हा दारात. या वेळी हॉटेल नाही, ढाबा. लिलाबाईने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, पैसे आहेत. पण समीक्षाचे आहेत, म्हणून देणार नाही." इतकं सरळ! मी कान टवकारून बसले होते, आता महाभारत होणार म्हणून. चुडामणभाऊ रागावले, गावभर बदनामी केली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चहाला आले. नाही म्हणायला पैसा लागत नाही, हे कळायला त्या घराला एक आख्खी नोकरी संपवावी लागली. आता तर भाऊही 'नाही' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज बसला होता, पण म्हणाले.

ठेव मोडली नाही. दर वर्षी फीपुरतं व्याज निघत गेलं, मुद्दल जागेवर राहिलं. या उन्हाळ्यात समीक्षा नर्स झाली, जळगावच्याच एका दवाखान्यात लागली. गल्लीत पेढे वाटले, मला दोन जास्त मिळाले. सगळ्यांना कळवून झालं आणि मग लिलाबाई फोन हातात घेऊन बसून राहिली. मी म्हटलं, "लाव आता. खाणार आहेत का त्या तुला?"

तिने लावला. स्पीकर चालू होता. अक्का पोरीचं ऐकून इतक्या हसल्या की फोन फुटतो की काय वाटलं. तिकडे पॅकिंगमधल्या बायांना ओरडून सांगितलं, "मनी भाची नर्स व्हई गयी!" मग म्हणाल्या, "तिले सांग, मन लावीसन काम कर." लिलाबाई हो हो म्हणत होती. फोन ठेवता ठेवता अक्का थांबल्या.

"आनि लिला, पुढे कधी पैसाले कमी पडनं, ते माले सांगजो. पन खरं सांगजो."

लिलाबाईने "हो अक्का" म्हटलं की नाही, मला कळलं नाही. फोन बंद झाला होता आणि ती तोंडात पदर कोंबून रडत होती. मला जन्मभर प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची खोड आहे. त्या दिवशी मी उठले आणि तिच्या गॅसवर चहा ठेवला.