दोरीवरची गोधडी

कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि वरूडकडची ती पत्र्यांची छावणी आठवते. तिथे वाटायच्या ब्लँकेटांना हाच वास होता. पुरात घरं गेलेल्या कुटुंबांना थंडीत किती ब्लँकेटं लागतील, हे मी लिहून घेत होतो. एका खोलीत दोरीवर गोधडी दिसली, म्हणून मी त्यांचं एक ब्लँकेट कमी केलं. बाई म्हणाली, "ते नोका मोजू भाऊ, मेलेल्या सासूची हाये. तेरवीले देऊन टाकाची हाये." फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता आणि खोडायचा मला कंटाळा आला. वाटपाच्या दिवशी दोरी रिकामी होती. बाईनं मिळालं तेवढं घेऊन अंगठा दिला. मला तेव्हाही काही वाटलं नाही. माझ्या आईची गोधडी याच कपाटात आहे. तिची तेरवी होऊन तीन वर्षं झाली.